जावा ॲप्लेट व संगणकाची राखण

आपल्याकडे आगराभोंवतीं गडगा घालतात, तो गुरें आंत येऊं नयेत म्हणून. परंतु धन्याला ये-जा करण्यास कवाडही ठेवावें लागतें. संगणकाचेंही तसेंच आहे.

१९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेंत ‘ॲप्लेट’ नांवाच्या लहान आज्ञावली लिहीत. त्या दूरच्या संगणकावरून येऊन ब्राउझरमध्यें चालत. परक्या आज्ञावलीनें घरचे कागद वाचूं नयेत म्हणून आपल्या फायली उघडण्यास तिला मनाई असे. परंतु महाराष्ट्र शासनाच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदा भरतांना रत्नागिरीच्या ठेकेदारास डिजिटल स्वाक्षरी करावी लागे, आणि तिची किल्ली तर त्याच्याच यूएसबी टोकनांत! तेव्हां निर्मात्याची सही असलेल्या ॲप्लेटला, मालकाच्या संमतीनें, अधिक मोकळीक मिळे.

२०१४ मध्यें जावाचे नियम कडक झाले. सर्वच संरक्षण सैल करणें हा एक मार्ग. त्या एकाच संकेतस्थळाचें नांव अपवादांच्या यादींत घालणें हा दुसरा. पहिल्यानें गडगा पडतो, दुसऱ्यानें केवळ कवाड उघडतें.

पुढें क्रोमनें २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें २०१७ मध्यें ॲप्लेटचा आधार काढला. २०१८ च्या जावा ११ मधून तो आधारही गेला. यावर जुनाच ब्राउझर वापरीत राहणें म्हणजे डागडुजी थांबलेल्या गडग्यावर विसंबणें होय. त्यापेक्षां स्वाक्षरीपुरती निराळी आज्ञावली आपल्याच संगणकावर बसवून संकेतस्थळाचें पान तिच्याशीं जोडणें, हा उपाय श्रेयस्कर ठरला.

म्हणून अडचण आली असतां आधीं हें विचारावें: कमींत कमी किती उघडल्यानें काम होईल?