एका डब्यात दोघांच्या गोळ्या

दौंडहून एक आजोबा तपासणीला आले. पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. "यातल्या माझ्या कुठल्या आन् तिच्या कुठल्या, तेवढं सांगा डॉक्टर. रोज तीच हातावर ठेवायची." आजी जाऊन महिना झाला होता. महिनाभर त्यांच्या पोटात रक्तदाबाची गोळी गेलीच नव्हती.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. मग लेक सासरी जाते, मुलगा रांजणगावला नाहीतर कुरकुंभला पाळीवर. खरी काळजी तिथून पुढं घ्यायची. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांपुढच्या ४,४८६ विधुरांची पाहणी झाली होती. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातल्या मृत्यूचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आढळलं.

म्हणून मुलांनो, आधी तो डबा बघा. गेलेल्या माणसाची औषधं बाजूला काढा. "एकट्यासाठी कशाला चूल पेटवायची" म्हणत चहा-बिस्किटावर दिवस निघतो, आणि मधुमेहाची गोळी मात्र घेतली जाते. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम उतरते, माणूस घाम येऊन कोसळतो. शेजाऱ्याची झोपेची गोळी तर घेऊच नका; रात्री मोरीकडं जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. छातीत दुखलं तर "दुःखानं होतंय" म्हणून थांबू नका, लगेच ईसीजी काढा. तीव्र दुःखानं हृदयाचा स्नायू खरोखर दुबळा पडू शकतो.

एक आजी दार लावून हळूच म्हणाल्या, "ओसरीवर त्यांचा खोकला ऐकू येतो." आजी, हे वेड नाही. जोडीदार गेलेल्या कितीतरी जणांना असं होतं.

बायकांचं आणखी एक दुखणं मला फार लागतं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद होतं, नातवाच्या लग्नातही मागं बसवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होवो, तुमच्या घरात आईला आजच पुढं बसवा.

रडू येणारच, त्याला औषध नको. पण सहा महिने उलटूनही अंघोळ-जेवण सुटलेलं असेल, वजन घटत असेल, तर दाखवायला आणा. आणि "आता मलाही ने" हे वरचेवर ऐकू आलं, तर वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. रात्र असेल तर १४४१६ लावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.