कवचाआडचे रहस्य

अंडे उकडणे हे काम वरकरणी अगदी सोपे दिसते. परंतु कवचाच्या आत काय चालले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाहेरच्या खुणांवरून आतली स्थिती ओळखावयास शिकले पाहिजे.

मुलांनो, पुसदच्या बाजारातून अंडी आणलीत, तर प्रथम त्यांची परीक्षा करा. अंडे गार पाण्यात सोडा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. असे का होते? कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील ओलावा हळूहळू बाहेर जातो व बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. तरंगणारे अंडे खाऊ नये.

आता वडीलधाऱ्यांच्या देखत पातेल्यात अंडी ठेवून ती बुडतील इतके गार पाणी घाला व पातेले शेगडीवर चढवा. पाणी उकळू लागताच आच मंद करा. खळखळ वाढली म्हणजे पाणी अधिक तापते, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नव्हे. उघड्या पातेल्यातील पाणी एकदा उकळू लागले, की आच कितीही वाढवली तरी त्याचे तापमान वाढत नाही. इंधन मात्र व्यर्थ जाते आणि अंडी आपटून फुटतात. पुसद समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे 99 अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वर त्याहून पुष्कळ उंच. तेथे ते 95 ते 96 अंशांनाच उकळते. म्हणून तेथे अंडे शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो.

उकळी आल्यापासून 10 मिनिटे मोजा. अर्धवट शिजलेल्या बलकात रोगजंतू जिवंत राहू शकतात. उलट, फार वेळ उकडल्यास बलकाभोवती हिरवट कडे उमटते. ते अपायकारक नसते. पण वेळेचे भान सुटल्याची ती खूण होय. वेळ भरताच अंडी गार पाण्यात टाका, म्हणजे आतील शिजणे थांबते.

थिजलेले तूप तापवले की पातळ होते, गार झाले की पुन्हा थिजते. अंड्याचे तसे नाही. उष्णतेने एकदा घट्ट झालेले अंडे गार केल्याने पुन्हा पातळ होत नाही. म्हणूनच येथे घड्याळाकडे लक्ष हवे. झालेली चूक मागाहून सुधारता येत नाही, तेथे आधीची सावधगिरीच कामी येते.

स्वाध्याय
1. जुने अंडे पाण्यात उभे का राहते?
2. उकळी आल्यावर आच मंद का करावी?
3. तूप व अंडे यांवर उष्णतेचा होणारा परिणाम कसा वेगळा आहे?
4. उकडलेले व कच्चे अंडे ताटात फिरवून पाहा. कोणते सहज गरगरते? कारण शोधा.