पुनर्वापराच्या धड्यातील अपवाद
शाळांमध्ये रिकाम्या बाटल्यांपासून कुंड्या, पेनदाण्या करून घेण्याचा उपक्रम रुळला आहे. ग्रामीण भागात मात्र या धड्यातील अपवाद आधी शिकवणे आवश्यक आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ विद्यार्थी दगावले. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. ते तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले गेले असावे, असा संशय होता.

असा डबा कितीही धुतला तरी घरगुती वापरास अयोग्यच. विद्यार्थ्यांना लेबलवरील तिरक्या चौकोनाची ओळख करून द्यावी. त्यातील खालच्या त्रिकोणाचा लाल रंग सर्वाधिक विषारीपणा दर्शवतो. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. हिरवा म्हणजे निर्धोक, हा (मोठ्यांमध्येही आढळणारा) समज येथेच दूर व्हावा.

डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणी पंपातच ओतणे आणि नंतर डब्यास भोके पाडणे, हे काम प्रौढांचे आहे. वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचे असल्यास कोरी बाटली व रंगीत पाणी वापरावे. मुलांना डबे आणावयास सांगू नये. घरात असे डबे कशासाठी वापरात आहेत, एवढेच न हाताळता नोंदवून आणावयास सांगावे. विस्तार कार्यकर्त्याने प्रथम कोणत्या घरी जावे, हे त्या नोंदींवरून ठरवता येते.