परदेशी निघालात? कोणती लस, कुठे आणि कितीला

दुबई, सिंगापूर, थायलंड किंवा युरोपची आठ-दहा दिवसांची सहल असेल आणि पुण्याहून जाऊन तसंच परत यायचं असेल, तर एकही लस सक्तीची नाही. कोविडचं प्रमाणपत्र मागणंही या देशांनी केव्हाच बंद केलं. हे आधीच सांगून टाकतो. 'ट्रॅव्हल व्हॅक्सिन पॅकेज' म्हणून कुणी आठ-दहा हजारांची यादी हातात ठेवली, तर लगेच खिशात हात घालू नका. त्या यादीतल्या एखाद-दुसऱ्या लसीत शहाणपण असेलही, पण 'ही नसेल तर विमानात बसू देणार नाहीत' हे या देशांच्या बाबतीत खरं नाही.

खरी सक्ती प्रामुख्याने तिघांना आहे: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांत जाणारे, हज-उमराहला जाणारे आणि अमेरिकेत शिकायला निघालेले. तिघांची लस वेगळी, केंद्र वेगळं आणि खर्चही वेगळा. पुढचे खासगी दर ढोबळ आहेत. लसींच्या किमती दर काही महिन्यांनी सरकतात, तेव्हा खोक्यावरची एमआरपी हाच शेवटचा शब्द.

यलो फीव्हर: लस स्वस्त, दिवस महाग

केनियाची सफारी, इथिओपियातली नोकरी, नायजेरिया-घानातला कंपनीचा प्रकल्प किंवा ब्राझील-पेरूची सहल असेल, तर यलो फीव्हरची म्हणजे पीतज्वराची लस हवी. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचतात आणि त्याच केंद्राचा शिक्का असलेलं पिवळं कार्ड विमानतळावर चालतं. पुण्यात हे केंद्र स्टेशनजवळ, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आहे. म्हणजे पुणेकरांच्या भाषेत 'ससूनला'. सरकारी केंद्रांतलं शुल्क ३०० रुपयांच्या घरात असतं.

इतकी स्वस्त लस, मग रडतात कशाला लोक? कारण तिच्या कुपीत एकाहून अधिक डोस असतात आणि औषध एकदा पाण्यात मिसळलं की ते काही तासांत संपवावं लागतं. एकट्यादुकट्यासाठी कुपी फोडली तर उरलेले डोस गटारात. म्हणून केंद्रं वार आणि वेळ ठरवून देतात, नावं नोंदवून घेतात, लोक जमले की टोचतात. साठा मागेपुढे झाला की थांबावं लागतं ते वेगळंच. मग तारीख जवळ आलेली मंडळी मुंबईला धावतात, सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात. शिवनेरीने दोन्ही वेळचं भाडं, तिथली रिक्षा, दिवसभराचं खाणं आणि एक बुडालेली रजा धरली, तर ३०० रुपयांची लस दोन हजारांना पडते. नवरा-बायको टॅक्सी करून गेले तर पाच-सहा हजारांना. म्हणून तिकीट काढलं की त्याच आठवड्यात केंद्राला फोन करा. वार, वेळ, पैसे कसे भरायचे आणि साठा आहे का, एवढं विचारून मगच निघा.

जाताना मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स न्या. कार्डावर पासपोर्टचा नंबर पडतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, उतरलंय का ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा. डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का नसेल तर ते कार्ड म्हणजे नुसता पिवळा कागद.

आता तारखेचा घोळ. प्रमाणपत्र लागू होतं ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. १ तारखेला टोचलं तर ११ तारखेपासून. सहा दिवसांवर उड्डाण आलेल्याला कुठलाही डॉक्टर यातून सोडवू शकत नाही. मागची तारीख घालून कार्ड देणारा भेटला तर तो तुम्हाला गोत्यात घालतोय, मदत करत नाही.

कार्ड मात्र आता जन्मभर चालतं. पूर्वी ते दहा वर्षांनी नव्याने करावं लागे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतली ही दुरुस्ती ११ जुलै २०१६ पासून लागू आहे आणि त्याआधी काढलेल्या कार्डांनाही ती लागू पडते. २००९ मध्ये काकांनी नायरोबीला जाताना घेतलेलं कार्ड आजही वैध आहे. त्याचं 'नूतनीकरण' करायला पैसे देऊ नका.

बऱ्याच जणांना वाटतं, ही अट तिकडच्या देशाची आहे. तिकडची असतेच, पण सगळ्यांत कडक आपली स्वतःची आहे. त्या देशांतून वैध कार्डाशिवाय परत आलात, तर भारतातल्या विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. यात चूक काही नाही. पीतज्वर भारतात आजवर रुजलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याच कुंड्यांच्या ताटल्यांत आणि कूलरच्या पाण्यात वाढतो. डेंग्यू देतो तोच हा. गावात डास तयार आहे, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. या लसीशी पुण्याचाही एक लांबचा धागा आहे: १९५२ साली इथे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची एनआयव्ही, उभं करण्यात आयसीएमआरच्या जोडीला रॉकफेलर फाउंडेशन होतं. पीतज्वराची लस तयार झाली ती याच फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत, आणि त्या कामासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं.

दक्षिण आफ्रिकेला जाताना नायरोबी किंवा अदिस अबाबाला फक्त विमान बदलायचंय? विमानतळाबाहेर पाऊलच टाकलं नसेल तर परतताना आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटल्यावर भारतात सूट मिळते. पण खात्री पटवायची जबाबदारी तुमची, तेव्हा बोर्डिंग पास फेकू नका. तिथे रात्र हॉटेलात काढायची असेल तर सरळ लस घ्या.

ही जिवंत लस आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत आणि बाळाला कार्डाची अटही नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. साठी ओलांडलेल्यांनी पहिल्यांदाच घ्यायची असेल तर नुसतं रांगेत उभं राहू नये. या वयात गंभीर दुष्परिणामाचा धोका दुर्मीळ असला तरी तरुणांपेक्षा जास्त असतो. सफारीची हौस आणि हा धोका, दोन्ही डॉक्टरांसमोर मांडा. नुसत्या हौसेसाठी सत्तरीच्या आई-वडिलांना ही लस देण्यापेक्षा मी त्यांना पीतज्वर नसलेल्या देशात नेईन.

आफ्रिकेत जाणाऱ्यांना टायफॉइडची लस सुचवतात, ती दीड ते दोन हजारांत मिळते. मलेरियावर मात्र प्रवाशांसाठी लस नाही. सीरम इन्स्टिट्यूट आणि ऑक्सफर्डची आर२१ लस आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, तेव्हा हडपसरला जाऊन ती मागू नका. प्रवाशाला डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या लिहून देतात. त्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. परत आल्यावर गोळ्या सोडणारेच जास्त, आणि मग तापाने फणफणतात तेही तेच.

हज आणि उमराह

सौदी अरेबियाला मेनिंजायटिसची एसीवायडब्ल्यू ही चार प्रकारांवरची लस लागते, पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ती जिल्ह्यातल्या सरकारी शिबिरात मिळते, तेव्हा त्यांनी खासगीत पैसे घालू नयेत, शिबिराच्या तारखेवर लक्ष ठेवावं. उमराहवाल्यांना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. खासगीत चार ते सहा हजार माणशी, म्हणजे पाच जणांच्या घराला वीस ते तीस हजार.

इथे एक बारीक गोष्ट पैसे वाचवते. लस कॉन्ज्युगेट प्रकारची असेल तर सौदी अरेबिया ती पाच वर्षं ग्राह्य धरतं, साध्या पॉलिसॅकराइडची असेल तर तीन वर्षं. पण प्रमाणपत्रावर प्रकार लिहिलेलाच नसेल, तर तीनच वर्षं धरली जातात. महागडी लस घेऊन दोन वर्षं फुकट घालवायची नसतील, तर प्रमाणपत्रावर लशीचं नाव आणि प्रकार दोन्ही लिहून घ्या.

अमेरिकेला निघालेली मुलं

खरा गोंधळ इथे. पुण्यातल्या घरांत प्रवेश, कर्ज, व्हिसा यात जून उजाडतो आणि मग विद्यापीठाचा लसीकरणाचा फॉर्म आठवतो. त्यात बहुतेक ठिकाणी एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोस, टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला), हिपॅटायटिस बी, कांजिण्या आणि क्षयाची तपासणी असते. मेनिंजायटिसची लस सगळ्यांना नसते. टेक्सासमध्ये ती २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना लागते. एमएसला निघालेला तेवीस वर्षांचा मुलगा तिथे त्या अटीत बसत नाही. पाच हजार रुपये नुसता फॉर्म नीट वाचून वाचले. राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक नियम वेगळे आहेत, म्हणून मित्राच्या यादीवरून लस घेऊ नका.

पहिलं काम म्हणजे बालरोगतज्ज्ञांची जुनी फाइल शोधणं. ती सापडली की नीट वाचा. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराची लस देतात. अमेरिकी विद्यापीठ पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजत नाही. म्हणजे नवव्या महिन्याचा बाद, पंधराव्या महिन्याचा एमएमआर धरला, आणि पाचव्या वर्षीचा झाला नसेल तर एक कमी पडला. नोव्हेंबर २०१८ पासून राज्यातल्या शाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली, त्यात टोचल्याचं मुलांना पक्कं आठवतं. पण त्या लसीत गालगुंडाचा भाग नव्हता, त्यामुळे एमएमआर म्हणून ती चालत नाही.

फाइल नसेल तर लॅबवाले अँटिबॉडी तपासणीचं पॅकेज सुचवतात, तीन-चार हजारांचं. एमएमआरसाठी ते करू नका. सीरमची एमएमआर काही शेकड्यांत मिळते, आणि पूर्वी घेतलेली असताना पुन्हा घेतली तरी अपाय नाही. तपासणीपेक्षा दोन सुया स्वस्त. कांजिण्यांचं गणित उलटं आहे. तिथे एकेक डोस दोन हजारांच्या पुढे आणि घ्यायचे दोन. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचं आईला आठवत असेल, तर आधी हजार-बाराशेची कांजिण्यांची आयजीजी तपासणी करा. निकाल पॉझिटिव्ह आला की चार हजार वाचतात.

क्षयासाठी मांटू ही सुईची तपासणी दोन-तीनशे रुपयांत होते, पण आपल्याला बीसीजी टोचलेली असल्याने ती विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, पत्रं, धावपळ. विद्यापीठ चालवून घेत असेल तर अडीच-साडेतीन हजारांची आयग्रा रक्ततपासणीच करा. ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी उरका. आधी एमएमआर घेतली तर तपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते म्हणून चार ते सहा आठवडे थांबावं लागतं.

एमएमआर, कांजिण्या आणि यलो फीव्हर या तिन्ही जिवंत लसी. दोन जिवंत लसी एकाच दिवशी तरी घ्यायच्या, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं. एमएमआरच्या दोन डोसांतही चार आठवडे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस एरवी सहा महिन्यांत पुरे होतात, दर डोसला काही शे रुपये. टीडॅप दीड ते दोन हजार. सगळं नव्याने घ्यावं लागलं तर पंधरा-सोळा हजार. फाइल सापडली तर नऊ-दहा हजारांत भागतं, मेनिंजायटिस वगळला तर त्याच्या निम्म्यात. ऑगस्टला निघायचं तर फेब्रुवारीतच सुरुवात करा. जे फॉर्मवर 'ऐच्छिक' आहे ते तिकडे जाऊन बघा, कारण विद्यार्थ्यांच्या विम्यात लसी बऱ्याचदा धरलेल्या असतात. सक्तीची मात्र इथेच उरका.

मुलांकडे कायमचं राहायला निघालेल्या आई-वडिलांचं प्रकरण वेगळं. स्थलांतराच्या व्हिसाची वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते आणि कोणती लस लागते ते तेच वयानुसार ठरवतात. आधी घरच्या डॉक्टरांकडे घेतली असेल तर तिची नोंद सोबत न्या, म्हणजे पुन्हा पैसे पडत नाहीत.

बिल मागा

खासगीत तीन रकमा असतात: लसीची किंमत, टोचण्याचं शुल्क आणि डॉक्टरांची फी. त्या फोनवरच वेगवेगळ्या विचारा. 'सगळं मिळून साडेसात' या उत्तरात नेमकी किती एमआरपी आहे ते कळत नाही. खोकं समोर फोडायला सांगा, मुदत वाचा, बॅच नंबरचा स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. लस दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवी. औषधाच्या दुकानातून स्वतः आणणार असाल तर बर्फाच्या पिशवीत, आणि थेट दवाखान्यात. मेच्या उन्हात डिकीत ठेवून लक्ष्मी रोडची खरेदी उरकलीत, तर ती टोचून उपयोग नाही. विद्यापीठाच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक त्याच भेटीत घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा फी भराल.

टोचण्याचं शुल्क किती घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण छापील एमआरपीपेक्षा जास्त किंमत लावणं बेकायदा आहे. तसं झालं तर बिल आणि खोक्याचा फोटो हाताशी ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे, पण बिलाशिवाय तक्रार लंगडी पडते.