रात्री छातीवर बसते ते कोण?

मध्यरात्री जाग येते. डोळे उघडे असतात, घराचे छप्पर दिसते, पण हात हलत नाही, हाक मारायला आवाज फुटत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसून गळा दाबते आहे असे वाटते. हा त्रास घेऊन दवाखान्यात येणारे थोडे. बहुतेकांना ही दवाखान्यात सांगायची गोष्ट वाटतच नाही. मग घरात किंवा भगतापुढे प्रश्न निघतो, ‘कोण दिसले?’ आणि कधीकधी शेजारच्या एखाद्या बाईचे नाव घेतले जाते. नंदुरबार जिल्ह्यात डाकीण ठरवून बायकांचा छळ झाल्याच्या घटना नव्या नाहीत. त्यामागे आजारपण, घरातला मृत्यू, जमिनीची भांडणे अशी अनेक कारणे असतात. पण जिथे रात्रीच्या या अनुभवाचाच आधार घेतला जातो, तिथे डॉक्टरने बोलले पाहिजे. त्रास झाला हे खरेच असते, पण त्यावरून कुणी आले होते असे ठरत नाही.

झोपेचा एक टप्पा असा असतो की डोळे पापण्यांआड भराभर फिरतात आणि मेंदू जोरात काम करतो. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तो नोंदवला. ठसठशीत स्वप्ने मुख्यतः याच टप्प्यात पडतात. स्वप्नात आपण धावतो, पण खाटेवरून उठून धावत नाही, कारण या काळात मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू राहतात. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधल्या काही सेकंदांत, कधी काही मिनिटांत, माणूस जागा असतो आणि स्वप्नही संपलेले नसते. छातीचे स्नायू सैल असल्याने मनासारखा खोल श्वास घेता येत नाही, म्हणून भार जाणवतो. भीतीची केंद्रे जागीच असल्याने मेंदू शत्रू शोधतो, आणि चेहरा आठवणीतला लावतो. दिवसा जिच्याशी पाण्यावरून भांडण झाले, तिचाच चेहरा अंधारात दिसला तर त्यात नवल काय? याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर सुमारे आठ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो.

‘पण मी झोपेत नव्हतो, डोळे उघडे होते,’ असे रुग्ण सांगतो, आणि ते बरोबरच आहे. या अवस्थेची ओळखच ती. ‘घरात दोघांना झाले’ हाही पुरावा नव्हे. ही प्रवृत्ती काही प्रमाणात कुटुंबात चालते, शिवाय दोघांची झोप सारखीच मोडलेली असू शकते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या जोडप्याला रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते. झोप अपुरी आणि वेळी-अवेळी झाली की हे झटके वाढतात. ‘भगताने उतरवले आणि थांबले’ या आक्षेपात तथ्य आहे. झटके काही दिवस येतात आणि आपोआपही थांबतात, आणि धीर मिळाला की झोप सुधारते. पण धीर द्यायला कुणाचे नाव घ्यावे लागत नाही.

हे आदिवासी समाजाचे अज्ञान आहे, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ मध्ये ब्रिजेट बिशप या बाईवर खटला चालला. ती रात्री छातीवर येऊन बसली, अशी साक्ष पुरुषांनी न्यायालयात दिली आणि तिला फाशी झाली. ती माणसे बायबल वाचणारी होती. याहामोगी देवीवरची श्रद्धा किंवा काठी गावच्या होळीत रात्रभर नाचताना येणारी धुंदी हा आजार नव्हे, आणि डॉक्टरने त्यात नाक खुपसू नये. हरकत आहे ती एखाद्या बाईकडे बोट दाखवण्याला. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

झटका आला तर सारे अंग उचलण्याची धडपड करू नका. श्वास संथ ठेवा आणि पायाचा एखादा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. उताणे झोपल्यावर हा त्रास अधिक होतो, म्हणून कुशीवर झोपा. झोपेची वेळ शक्यतो एक ठेवा. मोहाची दारू पिऊन लवकर झोप लागते खरी, पण पहाटेकडची झोप तीच मोडते. वारंवार झटके येणे, दिवसा अनावर झोप, हसताना गुडघे गळणे, झोपेत अंग झटकणे किंवा जीभ चावली जाणे, घोरताना श्वास अडकणे, यांपैकी काही असेल तर तपासणी हवी. भीतीने झोपच उडाली असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

एक गल्लत मात्र जिवावर बेतते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा अनेकदा दुखत नाही, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या उघडत नाहीत, बोलणे जड होते, गिळता येत नाही. झोपेतला झटका मिनिटांत सुटतो. हा अशक्तपणा वाढत जातो. तेव्हा ना भगत, ना वाट पाहणे. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात थेट न्या.