डाव्या हातासाठी बटणांची पेटी

आपली मुले आता लूमचे कॅम व गिअर संगणकावर घन आकारात उभे करू लागली आहेत. काम नाजूक. पण प्रत्येक आज्ञेसाठी माऊस पडद्याच्या कडेला न्यावा लागतो, नजर नगावरून हटते आणि मनगट दुखते ते वेगळेच. डावा हात मात्र रिकामा! बटणांची पेटी त्याच्यासाठी.

युक्ती नवी नव्हे. १९८० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रावर कॅटिया हे आराखड्याचे सॉफ्टवेअर चालविणाऱ्यांपुढे ३२ बटणांची पेटी असे. त्या घडीला जी बटणे चालतील त्यांचे दिवे पेटत. आजच्या साध्या पेटीला ती अक्कल नसते. ती कीबोर्डची कळ दाबल्याचा इशारा तेवढा पाठविते, म्हणून आधी कळा माहीत हव्यात. सॉलिडवर्क्समध्ये कंट्रोल-८ ने निवडलेली बाजू समोर येते, कंट्रोल-७ ने नग तिरका दिसतो, एफ ने पडद्यात पूर्ण मावतो. मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये कळा आपल्या सोयीने ठरविता येतात.

पैसे घालण्याआधी आठवडाभर कोणत्या आज्ञा वारंवार लागतात ते कागदावर टिपावे. चार-पाचच निघाल्या तर कीबोर्ड पुरे, असे आमचे मत. पेटी घेतलीच तर पुसण्याची आज्ञा तिच्यावर ठेवू नये. न पाहता दाबायच्या बटणांत तिचे काय काम? दुकानदाराला एवढे जरूर विचारावे: बटणांची मांडणी पेटीत साठते की संगणकात? एकच पेटी दोन संगणकांवर फिरवायची असेल तर पेटीत साठणारीच घ्यावी.