हातची विद्या आणि श्रेयांक

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि आसपासच्या गावांचे जीवन पालटू लागले. दुर्ग जिल्ह्यातील उतई हे त्यांपैकीच एक. अशा गावातला, लहानशा कार्यशाळेत पंधरा वर्षे लेथ चालवणारा एक कामगार डोळ्यांपुढे आणावा. त्याची शाळा नववीतच सुटली. तरी आराखडा पाहताच लोखंडाचा कोणता भाग किती कापायचा हे तो जाणतो. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शतांश मोजतो. निमुळता दांडा कातताना कोन किती ठेवावा याचा हिशेब त्याच्या हातात मुरलेला असतो. त्या हिशेबाला त्रिकोणमिती म्हणतात, एवढे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. पदविका घेऊन आलेला तरुण त्याच्याकडून काम शिकतो आणि पाहता पाहता त्याचा वरिष्ठ होतो.

मग प्रश्न उभा राहतो. जे येते तेच पुन्हा पहिल्यापासून वर्गात बसून शिकायचे काय?

या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून होत आला आहे. विद्यार्थी कोठे शिकला हे न विचारता केवळ परीक्षा घेऊन पदवी देण्यास लंडन विद्यापीठाने १८५८ साली प्रारंभ केला. अमेरिकेत १९६७ पासून अशा परीक्षा घेतल्या जातात, ज्यांत उत्तीर्ण झालेल्याला त्या विषयाचे श्रेयांक अनेक महाविद्यालये देतात आणि तो विषय पुन्हा शिकावा लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात शाळेबाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ घरोघरी ठाऊक आहे. त्याचा उल्लेख अनेकदा थोड्या कमीपणाने होतो. वास्तविक त्यात कमीपणाचे काहीच नाही.

उतईच्या कामगाराला मुक्त विद्यालयाची वाट खुली आहे. माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. कमाल वयाची अट नाही. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय देता येतो. उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. गणित राहिले म्हणून मराठी पुन्हा द्यावी लागत नाही. रोजंदारी बुडवून परीक्षेला येणाऱ्या माणसाला या सवलतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

पुढची पायरी विद्यापीठाची. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात सुमारे ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० श्रेयांक असे गणित मांडले आहे. शालेय शिक्षण, उच्च शिक्षण आणि कौशल्यशिक्षण त्यात एकाच मापाने मोजण्याचा प्रयत्न असून कामाच्या अनुभवाचाही विचार केला आहे. मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम २०२१ सालीच झाले होते. पेढीत पैसे ठेवावेत तसे ते खात्यावर जमा होतात.

तथापि एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पंधरा वर्षे काम केले म्हणून आपोआप काही जमा होत नाही. आराखड्यानुसार मूल्यमापन झाल्यावरच श्रेयांक मिळतात; आणि कोणते श्रेयांक आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरायचे हे ते विद्यापीठ ठरवते, म्हणून प्रवेशापूर्वीच चौकशी करणे शहाणपणाचे. ही अट जाचक वाटेल, पण अन्यायाची नाही. पंधरा वर्षांत एखाद्याने पंधरा कामे आत्मसात केलेली असतात, तर एखाद्याने एकच काम पंधरा वर्षे केलेले असते. अन्याय होतो तो परीक्षा केवळ लेखी असली की. ज्याचे ज्ञान बोटांत आहे त्याला यंत्रापुढे उभे करून तपासले पाहिजे.

प्रात्यक्षिकात हा कामगार कोणाला हार जाणार नाही. लेखी परीक्षेत मात्र कोन किती अंशांचा ठेवला आणि तेवढाच का, हे त्याला शब्दांत व आकड्यांत मांडावे लागेल. तो सराव त्याला पाळी संपल्यावर, हाताचे तेल धुऊन, संध्याकाळीच करावा लागतो.